मुलांचा वेळ कोणाच्या मालकीचा?

सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने ऑगस्ट २०२२ मध्ये एक ठराव केला. रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरील भोंगा वाजावा आणि तेथून साडेआठपर्यंत गावातील प्रत्येक घराने मोबाईल व दूरचित्रवाणी संच बंद ठेवावेत, असा तो ठराव होता. त्या दीड तासात मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी वाचावे, एकमेकांशी बोलावे. ठराव नुसता कागदावर राहू नये म्हणून अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरले.

वृत्तपत्रांनी या बातमीला ठळक जागा दिली. शहरी वाचकांनी ती कौतुकाने, काहींनी थोडी गंमत म्हणूनही वाचली आणि पान उलटले. परंतु या घटनेचा खरा अर्थ त्या भोंग्यात नाही. मुलांनी पडद्यापुढे किती वेळ बसावे हा प्रश्न तोपर्यंत प्रत्येक घराचा, आणि घरात प्रत्येक आईचा खासगी प्रश्न समजला जात होता. वडगावने तो चावडीवर आणला. एका घराने मोबाईल बंद केला तर त्या घरातले मूल शेजारच्या घरी जाऊन बसते, हे गावाला पुस्तक न वाचता कळले होते. जो प्रश्न सर्वांचा आहे त्याचे उत्तर एकेकट्याने शोधायचे नसते, एवढाच साधा विचार त्या ठरावामागे होता. आज शहरी सुशिक्षित वर्गाला नेमका त्याच विचाराचा विसर पडला आहे.

उपदेशाचे ओझे कोणावर?

या विषयावर तज्ज्ञांचे मत काय आहे हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. एक वर्षापर्यंतच्या बाळाला पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी एका तासाहून अधिक दाखवू नये, असे त्यांत सांगितले आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२१ मध्ये अशाच सूचना दिल्या : दोन वर्षांपर्यंत काही नाही, पाच वर्षांपर्यंत फार तर एक तास, त्यापुढे दोन तासांच्या आत. या सूचनांत काही चूक नाही. आरोग्य संघटनेचे निवेदन तर नीट वाचण्यासारखे आहे, कारण ते मुळात पडद्याविषयी नसून मुलाच्या चोवीस तासांविषयी आहे. तीन-चार वर्षांच्या मुलाला दहा ते तेरा तासांची झोप आणि किमान तीन तासांची हालचाल हवी, असा त्यात हिशेब मांडला आहे. म्हणजे पडद्याची किंमत पडद्यात नाही. त्यापायी जी झोप, जो खेळ, ज्या गप्पा सोडून द्याव्या लागतात, ती त्याची खरी किंमत होय. अर्थशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याला ही गोष्ट चटकन पटेल.

प्रश्न त्यापुढचा आहे. ही सूचना अंमलात कोणी आणायची? सोलापुरात घरी बसून विडी वळणाऱ्या स्त्रीचा विचार करावा. तिला मजुरी मिळते ती हजार विड्यांमागे. तीन वर्षांच्या मुलाला खेळवण्यात गेलेला प्रत्येक तास तिच्या मजुरीतून वजा होतो. मूल तंबाखूच्या सुपात हात घालू नये म्हणून तिला दुसरे काहीतरी त्याच्या हाती द्यावे लागते. पुण्या-मुंबईत चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला शाळा सुटल्यानंतरचे तीन तास मुलाला दहा बाय दहाच्या खोलीत एकटे ठेवावे लागते. रोज लोकलने दोन-दोन तास प्रवास करून घरी येणाऱ्या नोकरदार जोडप्याची आर्थिक स्थिती पुष्कळ बरी असली, तरी संध्याकाळी सात वाजता त्यांच्याजवळही मुलासाठी शिल्लक राहिलेली शक्ती फारशी वेगळी नसते.

या सर्व घरांत मोबाईल हा सर्वांत स्वस्त सांभाळणारा आहे. २०१६ नंतर इंटरनेटचे दर कोसळले आणि ही स्वस्ताई झोपडीपर्यंत पोचली. प्रसूती लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांवर पाळणाघराचे बंधन घातले; परंतु विडी वळणाऱ्या स्त्रीचे आस्थापन म्हणजे तिची स्वतःची खोली. तिच्यासाठी पाळणाघर नाही, अंगणवाडी काही तासांत संपते आणि वस्तीत होते ते मैदान कधीच इमारतीखाली गेले. समाजाने जे द्यायचे ते दिले नाही, ती पोकळी बाजाराने भरून काढली, आणि आता समाज त्या आईला विचारतो आहे की मुलाच्या हाती मोबाईल का दिलास.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा या विसंगतीवर कळस चढला. ज्या यंत्रापासून मुलांना दूर ठेवा असे सांगितले जात होते, त्याच यंत्रात शाळा भरू लागली. घराघरांत कर्ज काढून, दागिना मोडून मोबाईल घेतले गेले. शाळा पुन्हा उघडल्या, पण मोबाईल मुलांच्या हातून परत गेला नाही. ग्रामीण शिक्षणाच्या स्थितीवरील ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत १४ ते १६ वयाच्या मुलामुलींना मोबाईलच्या वापराविषयी विचारण्यात आले. आदल्या आठवड्यात शिक्षणासाठी त्याचा उपयोग केल्याचे सुमारे ५७ टक्क्यांनी सांगितले, तर समाजमाध्यमांसाठी केल्याचे सुमारे ७६ टक्क्यांनी. यंत्र शाळेच्या नावाने घरात आले आणि बाजाराच्या कामाला लागले.

फुकट मालाची किंमत

हे असे का होते, याचे उत्तर मुलांच्या स्वभावात किंवा पालकांच्या ढिलाईत शोधणे ही दिशाभूल आहे. अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच दाखवून दिले होते की माहितीची रेलचेल झाली म्हणजे टंचाई पडते ती लक्षाची. ज्याची टंचाई त्याला भाव, हा बाजाराचा नियम. यूट्यूबवरील मुलांची गाणी पाहायला पैसे पडत नाहीत याचे कारण गाणी हा तेथला विक्रीचा मालच नव्हे. विकले जाते ते पाहणाऱ्याचे लक्ष. घेणारा असतो जाहिरातदार. लांब व्हिडिओंवरील जाहिरातींच्या उत्पन्नातला ५५ टक्के वाटा व्हिडिओ करणाऱ्याला मिळतो, उरलेला कंपनीला. दोघांचेही हित एकाच गोष्टीत आहे : पाहणाऱ्याने उठू नये.

२०१२ मध्ये कंपनीने शिफारशींचे गणित बदलले. तोवर व्हिडिओ किती जणांनी उघडला याला महत्त्व होते. त्यानंतर तो किती वेळ पाहिला गेला याला आले. मुलांच्या बाबतीत या बदलाचे फळ काय, ते कोणत्याही घरात पाहता येते. एक बडबडगीत दोन मिनिटांत संपते. म्हणून तीस गीते जोडून तासाभराची माळ केली जाते. माळ संपण्यापूर्वीच पुढची तयार असते. पूर्वी गोष्ट सांगणारी आजी दमत असे, पुस्तकाला शेवटचे पान असे, दूरदर्शनवरील ‘किलबिल’ची वेळ संपली की बातम्या लागत. बालपणीच्या प्रत्येक करमणुकीला एक शेवट होता, आणि त्या शेवटानंतर मूल अंगणात जात असे. ज्या करमणुकीला शेवटच नाही अशी करमणूक इतिहासात प्रथमच मुलांच्या हाती आली आहे, आणि तिच्यापुढे चार वर्षांच्या मुलाने स्वतःहून थांबावे अशी आपली अपेक्षा आहे.

या व्यवस्थेचे नियमन आपोआप होत नाही, याचाही पुरावा आहे. लोकप्रिय बालपात्रे वापरून केलेले हिंसक व विकृत व्हिडिओ मुलांपर्यंत पोचत असल्याचे २०१७ मध्ये उघडकीस आले, तेव्हा ओरड झाल्यावर ते हटवले गेले. पालकांच्या संमतीवाचून मुलांची माहिती गोळा केल्याच्या आरोपावरून सप्टेंबर २०१९ मध्ये अमेरिकेत गूगल व यूट्यूब यांना १७ कोटी डॉलर भरण्याची तडजोड करावी लागली. जानेवारी २०२० पासून मुलांसाठीच्या व्हिडिओंवर व्यक्तीचा माग काढून दाखवल्या जाणाऱ्या जाहिराती थांबल्या. त्या सदिच्छेने थांबल्या नाहीत, कायद्याने थांबल्या. आपल्याकडे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. अठरा वर्षांखालील मुलांचा माग काढणे आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती करणे यांस त्यात मनाई आहे. त्याचे नियम प्रसिद्ध व्हायला नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि प्रसिद्ध होतानाच मुख्य बंधनांसाठी अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली. मुलाचे बालपण मात्र मुदतवाढ मागू शकत नाही.

चांगले म्हणजे काय?

याचा अर्थ पडदा हाच शत्रू आहे असा नव्हे. यंत्राला शत्रू मानणे ही चळवळीच्या इतिहासातील जुनी चूक आहे. यंत्र कोणाच्या हाती आणि कोणत्या हेतूने, हा प्रश्न असतो. मुलांसाठी मौल्यवान असे पुष्कळ काही इंटरनेटवर आहे, आणि ते ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. व्हिडिओ संपल्यावर मूल काय करते? ते पुढचा व्हिडिओ मागत असेल तर एक गोष्ट, आणि काडेपेटी, दोरा, जुनी बाटली शोधायला उठत असेल तर दुसरी.

या कसोटीला उतरणारे उत्तम उदाहरण पुण्याचेच आहे. आयुका संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी बनवण्याचे शेकडो छोटे व्हिडिओ तयार केले. ते फुकट आहेत, मराठीतही आहेत आणि बहुतेक मिनिट-दोन मिनिटांत संपतात. संपतात, हेच महत्त्वाचे. त्यांचा उद्देश मुलाला पडद्यापासून उठवून त्याच्या हातांना काम देणे हा आहे. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या २०१५ मध्ये सुरू झालेल्या संकेतस्थळावर चित्रमय गोष्टी मराठीत मोफत वाचता येतात. टाळेबंदीच्या काळात, जुलै २०२० पासून, सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका आली. पहिली ते आठवीच्या मुलांना तिने घरातल्या व परिसरातल्या वस्तूंतून अभ्यासाकडे नेले. ज्या घरी मोबाईल नव्हता त्या घरीही ती पोचली.

घरात करता येण्याजोग्या काही गोष्टीही आहेत, आणि त्या सांगितल्याच पाहिजेत. काय पाहायचे ते मोठ्या माणसाने आधी पाहून ठरवावे. मुलाच्या हाती रिकामा शोधखण देऊ नये. पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होण्याची सोय बंद करता येते, ती बंद करावी. यूट्यूबच्या मुलांसाठीच्या ॲपमध्ये पालकांनी निवडलेलेच व्हिडिओ दिसतील अशी व्यवस्था आहे, ती वापरावी. शक्य तेव्हा मुलाशेजारी बसून पाहावे आणि पाहिलेल्यावर बोलावे. जेवताना आणि झोपण्यापूर्वी पडदा नसावा. आणि जो नियम मुलाला तो बापालाही, एवढा न्याय घरात असावा.

परंतु या यादीकडे आणखी एकदा पाहावे. आधी पाहून ठरवणे, सोयी शोधून बंद करणे, शेजारी बसणे ही सर्व श्रमाची कामे आहेत. त्यांना वेळ लागतो, ॲपमधील सूचना समजण्याइतके शिक्षण लागते, घरात दुसरे मोठे माणूस असावे लागते. ज्या घरात हे सर्व आहे तेथले मूल अरविंद गुप्तांपर्यंत पोचेल. ज्या घरात नाही तेथले मूल यंत्र नेईल तिकडे जाईल. म्हणजे एकाच आकाराच्या पडद्यापुढे बसलेल्या दोन मुलांत पुन्हा वर्गाचीच भिंत उभी राहते. पूर्वी विषमता पुस्तक असण्या-नसण्यात दिसत असे. आता ती निवड करणारे कोणी असण्या-नसण्यात आहे.

मोडलेला वारसा

निवडीचे हे काम एकेकाळी समाजाने अंगावर घेतले होते. १९७५-७६ मध्ये उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला. सकाळची वेळ शाळकरी मुलांसाठी राखलेली होती. संच सामुदायिक होता, कार्यक्रमाला ठरलेली वेळ होती, आणि पुढच्या बाकावर कोण व मागे कोण एवढाच भेद उरत होता. पुढे इन्सॅटच्या काळात काही राज्यांत शैक्षणिक कार्यक्रम तयार करणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या. महाराष्ट्राची संस्था १९८४ मध्ये पुण्यात सुरू झाली, तिचे नाव ‘बालचित्रवाणी’. मराठी मुलांसाठी, मराठी शिक्षकांच्या व कलावंतांच्या मदतीने, कोणत्याही जाहिरातदाराचे मिंधेपण न पत्करता कार्यक्रम करणारी ती सार्वजनिक संस्था होती. ते कार्यक्रम सगळेच उत्तम होते असे कोणी म्हणणार नाही. काही कंटाळवाणे होते, काहींना पाठ्यपुस्तकाचा वास येत असे. पण ते मुलाच्या हिताच्या दृष्टीने कोणीतरी निवडलेले होते आणि त्यांबद्दल सरकारला जाब विचारता येत होता.

केंद्राचे अनुदान थांबले, राज्याने जबाबदारी उचलली नाही, कर्मचारी पगाराविना राहिले आणि २०१७ मध्ये बालचित्रवाणी बंद झाली. या वर्षाकडे लक्ष द्यावे. त्याच्या आदल्याच वर्षी इंटरनेट स्वस्त झाले होते आणि घराघरांत मुलांच्या हाती पडदे येऊ लागले होते. मराठी मुलांसाठी चित्रवाणीची सर्वांत अधिक गरज निर्माण झाली त्याच क्षणी राज्याने आपले दुकान मोडले. तीन वर्षांनी शाळा बंद पडल्या तेव्हा त्या चुकीची किंमत मुलांनी मोजली.

आक्षेप आणि उत्तर

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की सरकारने मुलांनी काय पाहावे हे ठरवले तर प्रचाराचा धोका आहे. धोका खरा आहे, आणि मराठी वाचकाला आणीबाणीतील आकाशवाणी विसरता येणार नाही. म्हणूनच अशी संस्था मंत्र्याच्या खोलीतून चालता कामा नये. शिक्षक, बालसाहित्यिक, बालरोगतज्ज्ञ आणि पालक यांच्या स्वायत्त मंडळाकडे तिचा कारभार असावा आणि तिचा हिशेब विधिमंडळापुढे यावा. सरकार निवड करीत नाही तेव्हा निवड होतच नाही असे नाही. ती दूरच्या कंपनीचे गणित करते, आणि त्या गणिताला कोणत्याही ग्रामसभेत प्रश्न विचारता येत नाही.

दुसरा आक्षेप पालकांच्या जबाबदारीचा. जबाबदारी आहेच. परंतु मुलाला देवी काढून घेणे ही पालकांची जबाबदारी होती म्हणून समाजाने लस प्रत्येकाने घरी तयार करावी असे म्हटले नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला बालशिक्षण आदिवासींच्या अंगणात नेले, ते तेथल्या आयांना उपदेश करून नव्हे. साने गुरुजींच्या निधनानंतर सुरू झालेल्या कथामालेने गावोगावी गोष्टी सांगणारी माणसे उभी केली, कारण प्रत्येक घरात गोष्टी सांगायला सवड असणारा कोणी नसतो हे तिला ठाऊक होते. मुलांच्या मनाचे पोषण हे सामुदायिक कर्तव्य आहे, ही महाराष्ट्राची जुनी समजूत आहे.

तिला धरून काही मागण्या स्पष्टपणे मांडता येतात. बालचित्रवाणीसारखी स्वायत्त संस्था पुन्हा पुरेशा निधीसह उभी करावी, तिचे कार्यक्रम जाहिरातींशिवाय मोफत मिळावेत आणि प्रत्येकाला शेवट असावा. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली चालणाऱ्या हजारो सार्वजनिक वाचनालयांना मुलांसाठीच्या निवडीचे काम द्यावे. ग्रंथपाल पुस्तक निवडतो तसा व्हिडिओही निवडू शकेल. अंगणवाडीची वेळ कष्टकरी स्त्रीच्या कामाच्या वेळेशी जुळवावी आणि घरी बसून काम करणाऱ्या स्त्रियांच्या वस्तीत पाळणाघरे काढावीत. नगरपालिकेने नकाशात मैदान दाखवले असेल तर ते जमिनीवरही असावे. मुलांसाठीच्या ॲपमध्ये पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होणे कायद्याने बंद व्हावे. ते बंद करण्याचे काम आईच्या बोटावर सोडू नये.

वडगावचा भोंगा रोज दीड तासच वाचवतो, आणि त्या दीड तासानेही मुलांचे सर्व प्रश्न सुटणार नाहीत हे गावकऱ्यांनाही कळते. पण संध्याकाळी सात वाजता त्या गावातल्या आईला मुलाच्या हातून मोबाईल काढून घेताना एकटीने वाईटपणा घ्यावा लागत नाही. सारे गाव तिच्यामागे उभे असते. विडी वळणाऱ्या आईमागे कोण उभे आहे, याचे उत्तर महाराष्ट्राला अजून द्यायचे आहे.